धुराशिवाय बरगड्या

अ‍ॅशबर्नची ओळख जगाला आहे ती डेटा सेंटर्समुळे. व्हर्जिनिया राज्यातल्या लाउडन काउंटीतलं हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत फार्मवेल म्हणून ओळखलं जाई आणि सगळा भाग शेतीचाच होता. आज तिथे सर्व्हर ठेवलेल्या, खिडक्या नसलेल्या अवाढव्य इमारती आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला ब्रॉडलँड्स, ब्रॅम्बलटन, अ‍ॅशबर्न व्हिलेज अशा आखीव वसाहती. तिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात आणि त्यांत मराठी घरंही आहेत. घर पुष्कळदा टाउनहाउस असतं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या, मागे छोटा लाकडी डेक आणि वसाहतीच्या संघटनेची नियमावली. स्वयंपाकघरात मात्र भरभक्कम ओव्हन असतो. आपल्या लोकांच्या अनेक घरांत त्याचा मुख्य उपयोग कढया आणि तवे ठेवण्यासाठी होतो, ही गोष्ट वेगळी. अशा घरात कुणाला अमेरिकन पद्धतीच्या बार्बेक्यू केलेल्या पोर्क स्पेअररिब्ज कराव्याशा वाटल्या, की पहिला सल्ला मिळतो तो स्मोकर घेण्याचा. लोखंडी पिंप, हिकरीची लाकडं, सहा तास राखलेली आच. एवढं जमणार नसेल तर नाद सोडा, असं सांगणाऱ्यांची संख्या कमी नाही. हा सल्ला इतिहासाच्या बाजूने चुकीचा आहे आणि रसायनशास्त्राच्या बाजूनेही. डुकराच्या बरगड्या मऊ होतात त्या वेळ आणि ओलसर उष्णता यांमुळे. धूर त्यांना चव देतो, शिजवत नाही. आणि घरातल्या बंद भट्टीत केलेलं बार्बेक्यू ही धुराच्या बार्बेक्यूची आळशी नक्कल नसून जुनी, वेगळी वाट आहे.

आधी मांस ओळखून घेऊ. डुकराच्या पाठीच्या कण्याजवळच्या बरगड्या आखूड, वाकलेल्या आणि तुलनेने कमी चरबीच्या असतात. त्या बेबी बॅक नावाने विकल्या जातात आणि महाग असतात. त्यांच्या खालचा, पोटाकडे उतरत जाणारा भाग म्हणजे स्पेअररिब्ज. हाडं लांब आणि चपटी, मांसात चरबीचे थर, टोकाला छातीचं हाड आणि कुर्चा. हा टोकाचा भाग कापून चौकोनी केलेली पट्टी सेंट लुईस कट म्हणून मिळते. बकऱ्याच्या सीन्याचं मटण ज्याने खाल्लं आहे त्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. चिवट, चरबीदार आणि नीट शिजवला तर सगळ्यांत चवदार. एकोणिसाव्या शतकात सिनसिनाटीसारख्या शहरांत डुकराच्या मांसाचे मोठे कारखाने उभे राहिले तेव्हा धंदा चालायचा तो मांड्या, पोटाचं मांस आणि चरबी यांवर. हे सगळं मीठ लावून पिंपांत भरून दूर पाठवता येई. बरगड्यांचं तसं नव्हतं. हाडं पिंपात जागा खातात, मांस थोडं, म्हणून त्या ताज्या असतानाच गावात कवडीमोलाने जात. स्पेअररिब्ज हा मुळात गरिबाघरचा, थंडीच्या मोसमातला जिन्नस आहे. ज्यांनी त्या विकत घेतल्या त्यांच्या परसात बार्बेक्यूचा खड्डा होताच असं नाही. चूल किंवा भट्टी मात्र होती.

खड्ड्यावरचं बार्बेक्यू ही मुळात वेगळ्या प्रसंगाची गोष्ट होती. जॉर्ज वॉशिंग्टनच्या रोजनिशीत मे १७६९ मध्ये अलेक्झांड्रियाला एका बार्बेक्यूला जाऊन रात्रभर तिथेच राहिल्याची नोंद आहे. अलेक्झांड्रिया अ‍ॅशबर्नपासून गाडीने तासाभराच्या आत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं व्हर्जिनियातलं बार्बेक्यू म्हणजे निवडणूक, ४ जुलै, चर्चचा मेळा अशा निमित्ताने जमलेली शेकडो माणसं, जमिनीत खणलेला लांब चर, त्यात लाकडाचे निखारे आणि त्यावर अख्खी डुकरं, मेंढ्या, कधी बैलसुद्धा. व्हिनेगर, मीठ, लोणी आणि लाल मिरची यांचं पाणी मांसावर शिंपडत राहायचं. हे कष्टाचं काम रात्रभर उभं राहून करत ते मुख्यतः गुलाम म्हणून राबवले गेलेले कृष्णवर्णीय स्वयंपाकी. आज अमेरिका ज्या कौशल्याचा अभिमान सांगते ते त्यांच्या हातचं आहे आणि त्याआधी मूळ रहिवाशांनी मंद आचेवर मांस भाजण्याची जी रीत रुजवली होती तिचाही त्यात वाटा आहे. गावजेवणाचा हा स्वयंपाक चार माणसांच्या घरात जसाच्या तसा उतरवता येत नाही, हे तेव्हाच्या गृहिणींनाही कळत होतं.

याचा पुरावा छापील आहे. मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियातल्या बाईंनी १८२४ मध्ये ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्या रिचमंडमध्ये खाणावळवजा वसतिगृह चालवत, त्यांच्या हाताखाली गुलामच राबत, आणि दक्षिणेकडच्या पाककलेचं पहिलं महत्त्वाचं पुस्तक म्हणून इतिहासकार या ग्रंथाकडे पाहतात. त्यात कोवळ्या डुकराचं बार्बेक्यू करण्याची कृती आहे. पुढच्या पायाकडचा चतकोर घ्यायचा, बरगड्यांच्या मध्ये चिरा देऊन सारण भरायचं, भांड्यात थोडं पाणी, लसूण, मिरी, मीठ, लाल वाइन आणि मशरूमचं केचप घालायचं आणि भट्टीत भाजायचं. शेवटी उरलेला रस दाट करून वर ओतायचा. धुराचा उल्लेखही नाही. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी, बार्बेक्यूचं माहेरघर म्हणवणाऱ्या राज्यात, एक जाणती बाई बार्बेक्यू म्हणून जे छापते ते भांड्यात, बंद भट्टीत, आंबटसर-खारट द्रवात शिजलेलं मांस आहे. याच पुस्तकात भारतीय रीतीने करीची कृती आणि करी पावडरचं प्रमाणही आहे, हे जाता जाता सांगायला हवं. व्हर्जिनियाच्या स्वयंपाकघरात आपला मसाला आयटी इंजिनियरांच्या किती आधी पोचला होता ते त्यावरून दिसतं. रँडॉल्फबाई १८२८ मध्ये वारल्या आणि आर्लिंग्टनच्या त्या टेकडीवर पुरल्या गेल्या, जिथे नंतर राष्ट्रीय दफनभूमी झाली. तिथे दफन झाल्याची नोंद असलेली पहिली व्यक्ती त्याच.

विसाव्या शतकात या घरगुती वाटेला बाटल्यांची जोड मिळाली. हाइन्झचं टोमॅटो केचप १८७६ पासून बाजारात होतंच, त्याच्या जोडीला वुस्टरशर सॉस, ब्राउन शुगर, मोहरीची पूड, व्हिनेगर आणि चिरलेला कांदा. बरगड्या पसरट भांड्यात घालून भाजायच्या, सुटलेली चरबी काढून टाकायची, हे मिश्रण ओतायचं आणि झाकून पुन्हा भट्टीत ठेवायचं. अमेरिकेतल्या चर्चच्या बायकांनी काढलेल्या पाककृतींच्या वह्यांत आणि महायुद्धानंतरच्या मासिकांत ही कृती किंचित फरकाने सतत भेटते. जुन्या पद्धतीच्या बार्बेक्यू रिब्ज म्हणून आजच्या अमेरिकन आज्या जे करतात ते हेच. आता या सॉसकडे मराठी जिभेने पाहावं. वुस्टरशर सॉसमध्ये व्हिनेगर, काकवी, कांदा-लसूण आणि खारवलेल्या अँकोव्ही माशांबरोबर चिंच असते. केचपचा जवळपास चौथा हिस्सा साखर आहे. ब्राउन शुगर म्हणजे काकवीचा अंश असलेली साखर. आंबट, गोड, तिखट आणि त्यात माशाची खारट खोली. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला यात परकं काय आहे? अमेरिकेतल्या चिनी हॉटेलांनीही विसाव्या शतकाच्या मध्यापासून बार्बेक्यूड स्पेअररिब्ज याच नावाने लोकप्रिय केल्या त्या भट्टीत भाजून आणि गोड-खारट लेप लावून. तिथेही लाकडाच्या धुराची कुणी सक्ती केली नाही.

इतिहास बाजूला ठेवला तरी मुख्य प्रश्न उरतोच: चिवट मांस मऊ कशाने होतं? बरगड्यांभोवतीचे स्नायू श्वासागणिक हलत असतात, म्हणून त्यांत जोडऊती भरपूर. तिचा मुख्य घटक कोलॅजेन. साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसला कोलॅजेन आकसतं, स्नायूंतलं पाणी पिळून काढतं आणि मांस आणखी दडदडीत होतं. ७० अंशांच्या वर, पाण्याच्या सान्निध्यात, ते हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होऊ लागतं आणि ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान ही क्रिया भराभर होते. पाया सूप थंड झाल्यावर थिजतं ते याच जिलेटिनमुळे. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ पासून डुकराच्या अखंड मांसासाठी ६३ अंश सेल्सियस, म्हणजे १४५ अंश फॅरनहाइट आणि नंतर तीन मिनिटांची विश्रांती हे सुरक्षिततेचं मान ठरवलं आहे. पण ६३ अंशांची बरगडी सुरक्षित असली तरी खाण्यासारखी नसते, दातांना ती रबरासारखी लागते. तिला ९० ते ९५ अंशांपर्यंत नेऊन तिथे थोडा वेळ राखावं लागतं. कोलॅजेनला फक्त तापमान, पाणी आणि वेळ कळतो. उष्णता हिकरीच्या निखाऱ्यातून आली की विजेच्या तारेतून, याने त्याला फरक पडत नाही.

उघड्या स्मोकरवर हे तापमान गाठायला इतके तास का लागतात, यालाही साधं कारण आहे. मांस ६५ ते ७५ अंशांच्या आसपास पोचलं की तासन् तास तिथेच अडकतं. या थांब्याबद्दल बार्बेक्यूवाल्यांमध्ये पुष्कळ तर्क चालत. चरबी वितळतेय, कोलॅजेन उष्णता खातंय, वगैरे. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून तो वाद मिटवला. त्याने पाण्याने भिजवलेला स्पंज आणि चरबीचा गोळा तापवून पाहिला; चरबीचं तापमान न थांबता वाढत गेलं, स्पंजचं मात्र मांसासारखंच अडकलं. थांब्याचं कारण बाष्पीभवन. माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं त्याच कारणाने स्मोकरमधलं मांस गार राहतं. पृष्ठभागावरून पाणी उडत असेपर्यंत बाहेरची उष्णता त्यातच खर्ची पडते. पातळ बरगड्यांत हा थांबा मोठ्या मांसखंडाइतका लांबत नाही, पण तत्त्व तेच. भांडं फॉइलने घट्ट झाकलं की आतली हवा वाफेने भरते, बाष्पीभवन थांबतं आणि मांस सरळ वर चढतं. व्यावसायिक बार्बेक्यूवालेही अर्ध्या वाटेवर मांस फॉइलमध्ये गुंडाळतात ते याचसाठी. गुंडाळलेल्या मांसाला त्यानंतर धूर लागत नाही. म्हणजे स्पर्धेत बक्षीस घेणाऱ्या बरगड्यांचा पुष्कळसा मऊपणा फॉइलच्या आत, धुराशिवायच तयार झालेला असतो.

यावर कट्टर बार्बेक्यूवाल्याचा आक्षेप असा, की धुराविना ती चवच नाही. चवीपुरता हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करून पुढे जावं. लाकूड जळताना निघणाऱ्या फिनॉल वर्गातल्या द्रव्यांचा गंध केचपमधून येत नाही. पण मांसाच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी वलयाचा जो बडेजाव होतो तो अनाठायी आहे. जळणातून निघालेले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनशी जोडले जाऊन तो रंग टिकतो. त्याला स्वतःची चव नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांत परीक्षकांना या वलयाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं जातं, कारण ते खारवण्याच्या मिठाने कृत्रिमरीत्याही आणता येतं. धुराचा गंध हवाच असेल तर चमचाभर स्मोक्ड पॅप्रिका पुरते. बाटलीतला द्रव धूरही वापरता येतो, पण थेंबांत. तो जास्त झाला की सगळं भांडं औषधासारखं लागतं. आणि खऱ्या खड्ड्याच्या धुराची चव घ्यायची असेल तर जुन्या वॉशिंग्टन अँड ओल्ड डोमिनियन रेल्वेमार्गाच्या जागी झालेल्या सायकलवाटेलगत, अ‍ॅशबर्न रोडवर कॅरोलायना ब्रदर्स हे बार्बेक्यूचं दुकान आहे. तिथे जाऊन खावं. टाउनहाउसच्या डेकवर ते करायला गेलं तर अडचणी खऱ्याखुऱ्या आहेत. अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीवर किंवा ज्वलनशील बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळशाची शेगडी पेटवू नये, असा अग्निसुरक्षेचा सर्वसाधारण दंडक आहे. स्प्रिंकलर असलेल्या इमारती आणि एक-दोन कुटुंबांची घरं त्यातून सुटतात. पण वसाहतीचे नियम आणि सहा तास धूर सोसणारा शेजारी उरतातच.

आता प्रत्यक्ष कृती. एक अख्खी पट्टी साधारण दीड किलोची घ्यावी. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचावीत, कारण अमेरिकेतलं बरंच पोर्क मिठाचं पाणी टोचून विकलं जातं. तसं असेल तर वरून लावायचं मीठ निम्मं करावं. हाडांच्या आतल्या बाजूला चकचकीत पातळ पडदा असतो. चमच्याच्या दांड्याने त्याचं एक टोक उचलून, कागदी टॉवेलने धरून ओढला की सलग निघतो. तो शिजून मऊ होत नाही, मिठाला आडवा येतो, म्हणून काढलेला बरा. अडीच छोटे चमचे मीठ दोन्ही बाजूंना चोळून पट्टी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी. मसाले मांसात खोल मुरतात हा आपला लाडका समज आहे. खोलवर जातं ते मीठ. मिरची, जिरं, लसूण बहुतेक पृष्ठभागावरच राहतात, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी लावले तरी बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीचे दोन तुकडे करून, मांसाची बाजू वर ठेवून, पसरट ट्रेमध्ये ठेवावेत, तळाशी अर्धी वाटी पाणी आणि थोडं व्हिनेगर घालून ट्रे फॉइलने काठोकाठ बंद करावा. ओव्हन ३०० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १५० सेल्सियसवर. बाहेर १५० अंश असले तरी झाकलेल्या भांड्यातली ओली हवा १०० अंशांच्या फार पुढे जात नाही, म्हणून मांस करपण्याची भीती नसते. अडीच तासांनी पाहावं. हाडांची टोकं बोटाच्या पेरभर उघडी पडलेली असावीत आणि दोन हाडांमध्ये टूथपिक विनासायास शिरावी.

तोवर सॉस होतो. एक कप केचप, पाऊण कप व्हिनेगर आणि चिंचेचा कोळ मिळून, दोन मोठे चमचे वुस्टरशर, पाव कप गूळ, बारीक चिरून परतलेला कांदा, चार लसूणपाकळ्या, चमचाभर मोहरीची पूड, लाल तिखट. चिंच-गुळाचा बदल हौसेपोटी सुचवलेला नाही. चिंच मूळ सॉसात होतीच आणि गुळातली काकवी ब्राउन शुगरहून सरस आहे. कांदा-लसूण मसाल्याचा मोह मात्र आवरावा, निदान पहिल्या खेपेला. त्यातलं खोबरं आणि गरम मसाला पुढे येऊन पदार्थ मटणाच्या सुक्याकडे झुकतो, आणि मग बरगड्यांऐवजी सरळ सुकंच केलेलं बरं. सॉस मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवावा. तो आधीपासून मांसावर घालू नये. साखर असलेला लेप कोरड्या उष्णतेत तासन् तास ठेवला तर काळा पडून कडू होतो. बरगड्या शिजल्यावर ट्रेमधला रस ओतून घ्यावा, ओव्हन ३५० अंश फॅरनहाइटवर न्यावा, सॉसचा हात फिरवून उघड्याच आत ठेवाव्यात, दहा मिनिटांनी पुन्हा हात फिरवावा, आणखी दहा-पंधरा मिनिटांत कडा खरपूस होतात आणि वर चकाकी येते. ट्रेमधल्या रसावरची चरबी थंड झाल्यावर काढून खालचा जिलेटिनने भरलेला रस सॉसात मिसळावा. तो ओतून देणं हा सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा अपव्यय.

जुन्या अमेरिकन कृतींत बरगड्या आधी पाण्यात उकळून घेण्याची रीतही सापडते. चरबी उतरते, वेळ वाचतो, हे तिचं समर्थन. पण पाण्यात विरघळणारी चव पाण्यातच जाते आणि बहुतेक घरांत ते पाणी मोरीत जातं. कोल्हापुरात मटण उकडल्यावर त्या पाण्याचा पांढरा रस्सा होतो, पाणी टाकण्याची कल्पनाच कुणाला सुचत नाही. तो विवेक इथे सोडण्याचं कारण नाही. कुकरचा पर्याय मात्र विचारात घेण्याजोगा आहे. शिट्टीच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, कोलॅजेन अर्ध्या तासात विरघळतं. बरगड्या जाळीवर, पाण्याच्या वर ठेवल्या आणि नंतर सॉस लावून ओव्हनमध्ये खरपूस केल्या तर आठवड्याच्या मधल्या दिवशी चालून जाण्यासारख्या होतात. त्यात जोखीम ही की पाच मिनिटांची चूकही महागात पडते. मांस हाडावरून गळून त्याचा लगदा होतो. स्पर्धांच्या परीक्षकांच्या लेखी हाडावरून आपोआप गळणारं मांस हा दोष आहे. चावलं तेवढंच सुटावं, बाकीचं हाडाला धरून राहावं, ही कसोटी. घरच्या लोकांना गळणारंच आवडत असेल तर परीक्षकांना विचारायला जाण्याची गरज नाही, पण ओव्हनमध्ये निवड आपल्या हाती राहते आणि कुकरमध्ये ती राहत नाही.

दुसऱ्या प्रकारचा आक्षेप स्वयंपाकघराबाहेरून येतो: डुकराचं मटण हे मराठी माणसाचं खाणंच नव्हे. कोणत्या मराठी माणसाचं, एवढंच विचारावं लागतं. वसईतल्या मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नसराईला सोरपोतेल आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेलं इंदयाल होतं. गोव्यात आणि सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती घरांत विंदालू आहे, सोलं घालून केलेलं आंबट पोर्क आहे. कैकाडी, वडार अशा समाजांत डुकरं पाळण्याची आणि खाण्याची रीत जुनी आहे. सरदार-संस्थानिकांच्या शिकारीत रानडुकराला मान होता. हे खाणं ज्यांच्या घरात कधी नव्हतं त्यांनी ते सुरू करावं असा आग्रह इथे नाही; ज्याला धर्माने किंवा मनाने नको आहे त्याच्यासाठी तो प्रश्न तिथेच संपतो. पण स्वतःच्या घरातली चाल साऱ्या मराठी मुलुखाची म्हणून सांगू नये. आणि इंदयाल किंवा विंदालू यांच्यातलं तत्त्व पाहिलं, चरबीदार डुकराला आंबटाने तोडायचं आणि मिरचीने उचलायचं, तर व्हर्जिनियाचा व्हिनेगर आणि लाल मिरचीचा शिडकावा त्याच हिशेबाचा आहे. चरबीला आम्लाची जोड देण्याचा शहाणपणा दोन्हीकडे दिसतो.

त्याला जोडूनच जंताची भीती सांगितली जाते. ती निराधार नाही, पण चुकीच्या ठिकाणी दाखवलेली आहे. अर्धकच्चं, बाधित पोर्क खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूत गाठी होण्याचा जो आजार भारतात अपस्माराचं एक मोठं कारण आहे, तो मात्र पोर्क खाऊन थेट होत नाही; पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून किंवा हातांवरून पोटात गेल्याने होतो. म्हणून तो पूर्ण शाकाहारी माणसालाही होतो. अमेरिकेत बंदिस्त पाळलेल्या आणि तपासणी झालेल्या डुकरांत ट्रिकिनेला या जंताचा प्रादुर्भाव फार विरळ उरला आहे. तरीही हे सगळं क्षणभर विसरलं, तरी दोन-तीन तास झाकून ९० अंशांपलीकडे नेलेल्या बरगडीत कोणताही जंत जिवंत राहत नाही. या बाबतीत अडीच तास भट्टीत राहिलेल्या स्पेअररिब्ज भर आचेवर वरून करपलेल्या आणि आत कच्च्या राहिलेल्या कबाबापेक्षा निर्धोक.

आरोग्याचा आक्षेप मात्र असा झटकता येत नाही. शिजलेल्या स्पेअररिब्जच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे ३० ग्रॅम चरबी आणि ४०० च्या आसपास उष्मांक असतात, वर सॉसमधली साखर. दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार आणि मधुमेह यांचा धोका आधीच जास्त आहे. बैठं काम करणाऱ्या अ‍ॅशबर्नच्या इंजिनियरने हा पदार्थ दर शनिवारी करावा असं कुणी शहाणा माणूस सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, तेही लक्षात ठेवावं. पण मग ओव्हनची बाजू आणखी भक्कम होते. चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठलेल्या धुरातून आणि थेट ज्वाळेच्या उष्णतेतून जी घातक संयुगं मांसावर बसतात, ती झाकलेल्या ट्रेमध्ये फार कमी तयार होतात. सुटलेली चरबी ट्रेमध्ये साठते आणि काढून टाकता येते. सणासुदीला, बर्फ पडत असलेल्या जानेवारीत, सोबत कोबीची कच्ची कोशिंबीर आणि मक्याचा ब्रेड किंवा ज्वारीची भाकरी, माणशी तीन-चार हाडं, एवढ्यावर ताट पुरेसं भरतं.

तेव्हा अ‍ॅशबर्नमध्ये, किंवा ओव्हन असलेल्या पुण्या-मुंबईतल्या घरातही, रिब्ज करायच्या असतील तर स्मोकरच्या किमती पाहत बसू नये. मांसात खुपसायचा पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर, फॉइलचा जाड गुंडाळा आणि बेबी बॅकऐवजी स्पेअररिब्जची पट्टी एवढंच घ्यावं, आणि ओव्हन पेटवण्याआधी त्यातल्या कढया बाहेर काढाव्यात.